बाबलकाकांच्या गॅरेजातल्या जर्मन गाड्या

गॅरेजात काम केलेल्या माणसाकडे दोन गोष्टी साचत जातात. एक म्हणजे पत्र्याच्या डब्यात पडलेले उरलेसुरले नट-बोल्ट आणि दुसरी म्हणजे किस्से. फरक एवढाच, की डब्यातला नट कुठल्या गाडीचा ते दोन वर्षांनी आठवत नाही. किस्सा कुठल्या गाडीचा ते मरेपर्यंत आठवतं.

माझे सगळे किस्से एकाच कंपनीच्या गाड्यांचे. कंपनीचं नाव घेत नाही, तेव्हाही आम्ही घेत नव्हतो. गॅरेजात नुसतं ‘जर्मन’ म्हटलं की कळायचं. ऐंशीच्या दशकात अंधेरीला, स्टेशनपासून पूर्वेला दहा मिनिटं चाललं की बाबल गावडे यांचं गॅरेज होतं. काका मूळचे मालवणकडचे. तरुणपणी ते एका ट्रकच्या कारखान्यात होते, तिथे जर्मन इंजिनिअरांच्या हाताखाली शिकले. मी आयटीआय करून त्यांच्याकडे लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. माझं नाव सुरेश. काकांनी पहिल्याच दिवशी त्याचं सुऱ्या केलं.

तेव्हा रस्त्यावर दोन-तीनच जातीच्या गाड्या दिसायच्या. अशात जर्मन गाडी आली की माणसं वळून बघायची. मालक रुबाबात असायचा, पण आतून धास्तावलेला. एक पार्ट गेला तर अख्ख्या देशात दुसरा मिळेल की नाही, देव जाणे. ती धास्ती घेऊन तो आमच्याकडे यायचा, आणि गाडी उघडली की ती धास्ती आमची व्हायची.

*

मी लागलो त्या वर्षी एका वकिलातीतून विकली गेलेली जुनी गाडी आली. मागच्या ॲक्सलमधून आवाज येत होता. काकांनी ॲक्सल उघडला आणि आतला एक मोठा नट अडला. दोन दिवस झाले, तो हलेना. रॉकेल झालं, गरम करून झालं, हातोडीचे ठोके देऊन झाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका म्हणाले, “उद्या पान्याला लांब पाइप लावू नि दोघं लटकू. सुटलो तर सुटलो.”

“आणि तुटला तर?”

तुटला असता तर गाडी भंगारातच गेली असती.

गाडीसोबत एक जाडजूड पुस्तक आलं होतं, सगळं जर्मनमध्ये. त्यात त्याच ॲक्सलचं चित्र होतं आणि खाली आठ-दहा ओळी. मी विचारलं, कोणाकडून वाचून आणू का? काका म्हणाले, आण. माझ्या बहिणीला कॉलेजात शिकवलेल्या परांजपेबाई पार्ल्याला राहायच्या. त्यांनी आयुष्यभर जर्मन कविता शिकवल्या होत्या. मी पुस्तक घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. बाईंनी चष्मा लावला, ते पान बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “सकाळी ये. घाईत भाषांतर होत नाही.”

सकाळी त्यांनी रेघांच्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं पान हातात दिलं. मी ते वाटेत वाचलं आणि चालता चालता धावायलाच लागलो. गॅरेजात पोचलो तर काका आणि आमचा वेल्डर पाइपला दोन्ही हातांनी धरून उभे, पाय जमिनीवरून उचलायच्या बेतात.

“काका, थांबा. आधी हे ऐका.”

मी मोठ्याने वाचलं, “येथील आई डाव्या वळणाची आहे. तिच्यावर बळजबरी करू नये.”

वेल्डर माझ्याकडे बघतच राहिला. काकांनी पाइप सोडला, घाम पुसला आणि म्हणाले, “परत वाच.”

परत वाचलं. काका दोन क्षण नटाकडे बघत राहिले. मग त्यांनी पाना उलट्या बाजूला लावला आणि एका हाताने दाबला. टक् आवाज झाला आणि नट सुटला. उलट्या आट्यांचा नट होता तो. आम्ही दोन दिवस जीव खाऊन तो घट्ट करत होतो.

मी संध्याकाळी बाईंना सांगायला गेलो, की जर्मनमध्ये आई आणि नट यांना एकच शब्द आहे, असं काका म्हणतात. बाईंनी चष्मा काढला. मग हळूच म्हणाल्या, “शब्दकोशात होता रे दुसरा अर्थ. पण मला वाटलं, हे लोक यंत्राबद्दलही किती मायेनं लिहितात.”

*

पार्ल्याच्याच डॉक्टर कर्णिकबाई. बाळंतपणं करायच्या. त्यांच्याकडे वडिलांची जुनी डिझेल जर्मन होती आणि त्या ती स्वतः चालवायच्या. स्टिअरिंगजवळचा गिअर, दरवाजे लोखंडी कपाटासारखे. डिझेल गाडी किल्ली फिरवून बंद होत नसे. त्यासाठी डॅशबोर्डवर एक खटका होता, तो ओढला की इंजिन थांबायचं.

एकदा सर्व्हिसिंग झालं आणि बाई दुपारी गाडी न्यायला आल्या. घाईत होत्या. मालाडला एक बाळंतीण अडली होती, तिकडे जायचं होतं. त्या बसल्या, इंजिन चालू केलं. गाडीचं तोंड भिंतीकडे होतं. भिंत असेल चार-पाच हातांवर.

आधी पांढरा धूर आला. मग इंजिनाचा आवाज चढायला लागला. बाईंचा पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता, तरी आवाज चढतच गेला. बाईंनी खटका ओढला. काही नाही. परत ओढला. आवाज आणखी चढला. सगळं गॅरेज धुराने भरलं, टेबलावरचे पाने थरथरायला लागले.

काय झालंय ते मला कळलं. डिझेल इंजिनात ऑइल जास्त झालं, तर इंजिन डिझेल सोडून स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं. मग खटका ओढून उपयोग नसतो. आतलं ऑइल संपेपर्यंत किंवा इंजिन फुटेपर्यंत ते पळतं. आणि त्या गाडीत ऑइल मी भरलं होतं.

वेल्डर ओरडला, “बाई, उतरा, बाहेर पळा.”

काका ओरडले नाहीत. ते धुरातून खिडकीपाशी गेले, खाली वाकले आणि बाईंच्या कानाशी बोलले. पेशंटशी डॉक्टर बोलतो तसं.

“डॉक्टर, माझ्याकडे बघा. क्लच दाबा. दाबलात? आता चौथा गिअर टाका. दुसऱ्या पायाने ब्रेक दाबा, जेवढा जोर आहे तेवढा. आता क्लच सोडा. एकदम.”

बाईंनी क्लच सोडला. गाडीने एक जबरदस्त हिसका दिला, पुढे उडी मारली आणि मेली. बंपर आणि भिंत यांच्यात वीतभर जागा उरली होती.

इतकी शांतता झाली, की शेजारच्या दुकानातला रेडिओ ऐकू यायला लागला. बाई उतरल्या. दाराला धरून उभ्या राहिल्या. काकांनी स्टूल दिलं, पाणी दिलं आणि उगाच बोलायला लागले.

“आमचा जर्मन साहेब सांगायचा, की ह्या कंपनीच्या पहिल्या गाडीवर कुणाचाच विश्वास नव्हता. मग ती बनवणाऱ्याची बायको एके दिवशी नवऱ्याला न सांगता गाडी घेऊन निघाली. सोबत दोन मुलगे. थेट माहेरी. वाटेत तेलाची नळी तुंबली, तर टोपीची पिन काढून साफ केली.”

बाईंनी पाणी संपवलं. “मग?”

“मग काय. पोचली माहेरी.”

“बरं,” बाई उठल्या. “मग मला एक रिक्षा बोलवा. ती बाई वाट बघतेय.”

त्या रिक्षात बसताना मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, “डॉक्टर, ऑइल मी जास्त भरलं होतं. चूक माझी.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता नोकरी गेली.

त्या म्हणाल्या, “माझ्या हातूनही कधी कधी चुकतं. तेव्हा मी दुसऱ्या दिवशी लवकर कामाला येते.”

दुसऱ्या दिवशी मी काकांच्याही आधी गॅरेजवर होतो. साडेआठला फोन वाजला. बाईच होत्या. म्हणाल्या, “कुलूप तू उघडलंस ना? बरं. मालाडला मुलगी झाली.” आणि फोन ठेवला.

*

मालाडचा आणखी एक. प्रभाकर सावंत नावाचा माणूस दुबईत एका शेठकडे अकरा वर्षं ड्रायव्हर होता. परत येताना त्याने तिथली एक वापरलेली जर्मन गाडी जहाजाने आणली. तो राहायचा मालाडच्या चाळीत. गाडी दारापर्यंत न्यायची, हे त्याचं अकरा वर्षांचं स्वप्न. त्यासाठी त्याने दुबईहून भावाला पत्र टाकून गल्लीची रुंदी मोजून घेतली होती. गाडी बरोब्बर बसत होती.

गाडी बसली. पण दरवाजा उघडायला जागा लागते, ती कुणी मोजली नव्हती.

आम्हाला बोलावणं आलं तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. काका आणि मी पोचलो. गल्लीच्या मध्यावर गाडी उभी, दोन्ही बाजूंना भिंती, मध्ये चार बोटंही जागा नाही. आत सावंत एकटा. पुढे गल्लीच्या टोकाला पाण्याची टाकी, म्हणजे रस्ता बंद. मागे यायचं तर रिव्हर्स पडत नव्हता. काचा खाली केल्या तरी समोर भिंतच. वरून मे महिन्याचं ऊन.

“किती वेळ झाला?” काकांनी विचारलं.

सावंतचा भाऊ म्हणाला, “दीड तास. आधी बोलत होता. आता बोलत नाय.”

टाकीजवळ त्याची आई ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. ताटातलं निरांजन दोनदा विझलं होतं आणि दोन्ही वेळा तिने ते परत लावलं होतं. ती सारखी म्हणत होती, “प्रभाकरा, पाणी पी रे.” पण पाणी द्यायचं कुठून?

काकांनी मागच्या काचेला हात लावला. आत सावंतची मान एका बाजूला कललेली दिसत होती. काका मला म्हणाले, “काच फोडूची नाय. तुकडे आत उडतीत. रबर काढ.”

मागची काच रबराच्या पट्टीत बसवलेली असते. मी डिकीवर गुडघे टेकून पेचकसाने ती पट्टी इंच इंच सोडवायला लागलो. पत्रा इतका तापला होता, की गुडघ्यांना फोड आले. घाई केली तर काच तडकणार, उशीर केला तर माणूस जाणार. आजूबाजूच्या खिडक्यांतून चाळ बघत होती.

काच सुटली. काका साठीला आलेले, पण त्या भोकातून आत सरकले. सावंतच्या तोंडावर पाणी मारलं, त्याला पाजलं. तो डोळे उघडून पहिलं वाक्य बोलला ते असं, “काका, पॅटर्न बघा ना सीटचा. दुबईत पण असा मिळत नाय.”

काका म्हणाले, “गप रव. पाय क्लचवर ठेव.”

मी गाडीखाली पाठीवर सरकत गेलो. गिअरच्या दांड्याचं छोटंसं बुश, म्हणजे दांडा धरून ठेवणारं कडं, निखळलं होतं, बाकी काही नव्हतं. मी हातानेच दांडा रिव्हर्समध्ये ढकलला आणि तसाच सरपटत बाहेर आलो. सावंतने गाडी मागे घेतली, एक एक बोट करत, भावाच्या इशाऱ्यावर. मोठ्या रस्त्यावर येऊन गाडी थांबली आणि त्याने दरवाजा उघडला. पूर्ण उघडला, परत लावला, परत उघडला.

आई ताट घेऊन गल्लीतून चालत आली. आधी त्याला ओवाळलं, मग गाडीला. आणि म्हणाली, “ही हयसरच रस्त्यार ऱ्हवांदे. तू घराक चालत ये.”

*

एक माणूस असा होता, की त्याचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. पांढरा सफारी सूट, बोलणं अगदी मऊ. त्याने काळी जर्मन सर्व्हिसिंगला टाकली आणि दोन दिवसांनी दुपारी स्वतः आला. सोबत दोन जण होते, ते आत न येता फाटकाला टेकून उभे राहिले.

तो काकांसमोर बसला आणि म्हणाला, “काका, मागच्या सीटखाली थोडी जागा काढायची आहे.” हाताने माप दाखवलं. बिस्किटांचा मोठा डबा मावेल एवढं. “बाहेरून कळता कामा नये.”

“काय ठेवणार?” काकांनी विचारलं.

“ते नका विचारू ना.”

मी बाजूला पिस्टन पुसत होतो. माझे हात थांबले. त्या काळात समुद्रातून काय काय येत होतं आणि कुठून कुठे जात होतं, ते अंधेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. नाही म्हटलं तर काय होतं, तेही ठाऊक होतं. आणि हो म्हटलं, की तुम्ही कायमचे त्यांचे.

काका उठले. गाडीभोवती एक फेरी मारली, मागे वाकून चाकाच्या वरची जागा बोटांनी मोजली.

“जागा निघेल,” ते म्हणाले. “पण ही गाडी चुगलखोर आहे. मागे वजन आलं, की हिची मागची बाजू बसते. जर्मन लोकांनी स्प्रिंगच तशी ठेवलीय. लांबून बघणाऱ्याला कळतं, की आत काहीतरी आहे. नाक्यावरचा माणूस काय आंधळा असतो काय?”

तो माणूस गाडीकडे बघत राहिला. “मग कुठली गाडी चालेल?”

“शेठ, मी फक्त जर्मन करतो. दुसऱ्या गाडीतलं मला काही कळत नाही.”

तो बराच वेळ काकांच्या तोंडाकडे बघत होता. मग हसला. “गाडी राहू दे. विचार करतो.”

गाडी चार दिवस आमच्याकडे राहिली. ते चार दिवस रोज सकाळी काका आधी तिची मागची सीट उचलून बघायचे, कुणी काही ठेवून गेलंय का. पाचव्या दिवशी ड्रायव्हर आला आणि गाडी घेऊन गेला. परत ती आमच्याकडे आली नाही.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मी काकांना विचारलं, “खरंच बसते काय हो मागून?”

काकांनी बशीत चहा ओतला.

“चार जाडी माणसं बसव मागे,” ते म्हणाले, “केसभर हलूची नाय.”

*

वर्सोव्याच्या बाजूला तेव्हा नवीन इमारती उठत होत्या. नाडकर्णी नावाचे एक बिल्डर होते. इमारतीच्या जाहिरातीसाठी त्यांना समुद्राच्या काठावर आपली पांढरी जर्मन उभी करून फोटो हवा होता. ओहोटीला त्यांनी गाडी वाळूत उतरवली. फोटो झाले. निघताना गाडी रुतली.

फोन आल्यावर काका आणि मी दोन फळ्या आणि जॅक घेऊन रिक्षाने गेलो. पोचलो तेव्हा मागची चाकं अर्धी वाळूत होती आणि भरती सुरू झाली होती. नाडकर्णी आत बसून इंजिन रेटत होते. चाकं फिरत होती आणि आणखी खाली जात होती.

काकांनी बाहेरून काच वाजवली. “साहेब, बंद करा. तुम्ही खड्डा खणताय.”

जॅक लावला, तर गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच वाळूत गेला. फळी घातली, फळी मोडली. पहिली लाट टायरला लागून परत गेली. पाव तासात पाणी गाडीच्या पोटाला लागणार होतं, अर्ध्या तासात आत शिरणार होतं.

वीस-पंचवीस पावलांवर कोळी मंडळी जाळी शिवत बसली होती. सगळं बघत होती, पण कुणी उठत नव्हतं. मला कळेना. वाळूत फसलेल्याला मदत करायला वर्सोव्याची माणसं बोलावण्याची वाट बघत नाहीत.

काका त्यांच्याकडे गेले, मीही मागे गेलो. मध्यभागी एक म्हातारी बसली होती. हिराबाय म्हणत होते तिला सगळे. तिने जाळ्यातून मान वर न करता सांगितलं, “आमच्या बोंबील सुकवायच्या काठ्या होत्या तिथं. गेल्या आठवड्यात त्याच्या वॉचमननं उपटून फेकल्या. बोंबील मातीत गेले.”

काका म्हणाले, “बाय, पाणी चढतंय.”

“दिसतंय ना. त्याला सांग, त्यानं येऊन विचारावं.”

आम्ही गाडीपाशी परतलो. नाडकर्णींनी काच दोन बोटं खाली केली. काकांनी निरोप सांगितला. नाडकर्णी म्हणाले, “त्यांना काय हवं ते देतो म्हणून सांगा.”

“त्यांना काय नको,” काका म्हणाले. “तुम्ही हवे आहात.”

काच वर गेली. एक लाट आली, चाकाच्या मधोमध लागली. नाडकर्णी समोर बघत बसले होते. दुसरी लाट दाराला लागली. तिसरीला मी काकांचा हात धरला, कारण गाडी किंचित हलली. आता वाळू सुटत होती आणि गाडी समुद्राकडे झुकत होती.

दार उघडलं. नाडकर्णी बुटांसकट पाण्यात उतरले. गुडघाभर पाण्यातून चालत, पँट पायांना चिकटलेली, ते हिराबायपुढे जाऊन उभे राहिले.

“बाई, माझी गाडी काढून द्या.”

“बाई कोण?” म्हातारी म्हणाली. “मला नाव हाय.”

नाडकर्णींनी वळून काकांकडे बघितलं. काका समुद्राकडे बघायला लागले. शेवटी नाडकर्णींनीच विचारलं, “काय नाव?”

“हिराबाय.”

“हिराबाय, काठ्या उपटल्या ते चुकलं. मी परत लावून देतो.”

म्हातारीने सुई जाळ्यात खोचली आणि उठली. मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. होड्या वर ओढायचा जाड दोर आला, होड्यांखाली घालायचे ओंडके आले. पंचवीस-तीस माणसं, बाया, पोरं दोराला लागली. गाडी एका होडीसारखी, ओंडक्यांवरून, एका तालात वर आली. कोरड्या वाळूत आली तेव्हा तिच्या दारांतून पाणी गळत होतं.

हिराबायने बॉनेटवर तळहात ठेवला आणि नाडकर्णींना विचारलं, “एवढी जड कशाला बनवतात? कधीतरी कुणाला ओढायला लागतं ना.”

*

मुलुंडचे रणदिवे. वडील अण्णा रणदिवे आमचे सगळ्यांत जुने गिऱ्हाईक. त्यांची करड्या रंगाची जर्मन ते गॅरेजात आणायचे तेव्हा दोन्ही मुलगे मागच्या सीटवर असायचे, हे काकांना आठवत होतं. थोरला अरविंद, धाकटा मधू. अण्णा गेले आणि घराच्या वाटणीवरून भाऊ तुटले. अरविंद घरात राहिला, मधू ठाण्याला गेला. सहा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. गाडीचे कागद अरविंदकडे होते आणि किल्ली मधूकडे. त्यामुळे गाडी आमच्या गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी. दसऱ्याला दोघंही येऊन तिला हार घालायचे. एक सकाळी, एक दुपारी.

एका दसऱ्याला दोघं एकाच वेळी आले.

अरविंद टो करायची गाडी घेऊन आला होता. म्हणाला, “काका, आज मी ही घेऊन जाणार. कागद माझे आहेत.”

मधू हार हातात घेऊन फाटकात उभा होता. तो काकांनाच म्हणाला, “त्यांना सांगा, किल्ली माझ्याकडे आहे. हात लावून बघा म्हणावं.”

“त्याला सांगा, कुलूप तोडायला माणूस आणलाय.”

दोघांचे आवाज चढले. दोघंही काकांकडे बघून बोलत होते, एकमेकांकडे नाही. मधूने हार खाली टाकला आणि गाडीपुढे जाऊन उभा राहिला. अरविंदच्या कपाळावरची शीर दिसायला लागली होती. मी हातातला पाना हळूच मागे ठेवला. असे पाने कुणाच्या हाताशी नसलेले बरे.

काका म्हणाले, “कोण नेणार ते तुमचं तुम्ही बघा. पण ब्रेक नसलेली गाडी मी फाटकाबाहेर सोडत नाही. टो करून पण नाही. सहा वर्षांत ब्रेकच्या पाइपात हवा धरलीय. ती काढायला दोन माणसं लागतात. आज दसरा, माझी माणसं सुट्टीवर आहेत. तुम्हीच दोघं काढा.”

मी तिथेच उभा होतो. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी गप्प राहिलो.

अरविंद स्टिअरिंगवर बसला. किल्ली मधूने काकांच्या हातात दिली आणि काकांनी अरविंदच्या. मधू शर्टाच्या बाह्या सरसावून मागच्या चाकाशी खाली झोपला. काकांनी त्याच्या हातात पाना आणि पारदर्शक नळी दिली आणि दोघांना काम समजावलं. वरच्याने पेडल चार वेळा मारून दाबून धरायचं. मग खालच्याने चाकामागचं निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, सोडायचं, नळीतून तेल आणि बुडबुडे बाहेर येतील. निपल बंद केल्यावरच वरच्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत जाते, सगळं काम फुकट.

पहिल्या चाकाला काका मध्ये उभे राहून सांगत होते. “अरविंद, मार. धर. मधू, सोड. बंद कर. अरविंद, उचल.” तेवढ्यात ऑफिसात फोन वाजला. काका आत गेले.

मग कुणीच बोलेना. अरविंदने पेडल मारलं, धरलं. खाली मधूला कळायला मार्ग नव्हता, की धरलंय की नाही. त्याने अंदाजाने निपल सोडलं. वर अरविंदला कळलं नाही, त्याने पाय उचलला. नळीतलं तेल उलटं आत ओढलं गेलं, हवेसकट.

मधू खालून शिवी घालणार होता. ओठ हलले, पण तो थांबला. थोड्या वेळाने, जमिनीकडे बघत, त्याने नुसता शब्द टाकला, “मार.”

मग पेडलचा आवाज आला. चार वेळा.

“धर.”

पेडल खाली गेलं आणि खालीच राहिलं.

मधूने निपल सोडलं, बंद केलं. “उचल.”

दुसरं चाक तसंच झालं. तिसऱ्याला वरून आवाज आला, “धरलंय.” मी गाडीमागे उभा राहून बघत होतो. ऑफिसच्या काचेतून काका दिसत होते. फोन कानाला लावलेला होता, पण ओठ हलत नव्हते.

शेवटचं चाक अरविंदच्या बाजूचं. मधू त्याच्या पायांपासून हातभरावर झोपला होता. मध्ये फक्त दार, तेही उघडं. त्याच्या डोळ्यात तेलाचा थेंब गेला, त्याने मनगटाने डोळा चोळला आणि म्हणाला, “दादा, धर.”

अरविंद म्हणाला, “धरलंय रे. तू सावकाश कर.”

काका बाहेर आले. मधूच्या शेजारी उकिडवे बसले आणि नळी उजेडात धरून बघितली. मीही बघितली. तेल स्वच्छ होतं. एकही बुडबुडा नव्हता.

“अजून हवा आहे,” काका म्हणाले. “परत पहिल्या चाकापासून घ्या.”